पैलवानानं खाल्लेले लाडू

उंदराच्या औषधाचं नाव घरात काढायचं नसतं, हे शांतव्वाला तिच्या आईनं लहानपणी संकेश्वरातच शिकवलं होतं. उंदीर भिंतीत असतो, पत्र्यावर असतो, पोत्यामागं असतो, आणि कुठंही असला तरी त्याचे कान आपल्या तोंडाकडं लागलेले असतात. 'उद्या औषध ठेवू या' असं कुणी म्हटलं की तो ऐकतो, औषधाला तोंड लावत नाही आणि वर सूड म्हणून ठेवणीतलं लुगडं कातरतो. म्हणून दुकानात जाऊन नुसतं 'ते द्या' म्हणायचं. दुकानदारानं काही न बोलता ते वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचं. मग घरात कुणालाही न सांगता गुपचूप ठेवून यायचं. हसायचं असेल त्यानं खुशाल हसावं. शांतव्वाचा नवराही हसला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या लग्नातल्या कोटाला एकच बाही उरली होती.

ही गोष्ट १९९९ सालच्या थंडीतली. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात शांतव्वाची चुरमुऱ्याची भट्टी होती. नवरा गेल्यापासून ती आणि सून विद्याश्री, दोघी मिळून चुरमुरे भाजायच्या, भडंग करायच्या. मुलगा शिवलिंग शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला होता, त्यामुळं घरात असला तरी झोपलेला असायचा. चुरमुऱ्याचं घर म्हणजे उंदरांचं माहेर. त्या वर्षी तर ते इतके माजले की भरलेलं पोतं उचललं की खालून चुरमुऱ्याची धार लागायची. औषधाच्या नुसत्या वड्यांना ते हुंगतसुद्धा नव्हते. तेव्हा शांतव्वानं स्वतःची अक्कल चालवली. निळ्या वड्या कुटल्या, त्यात शेंगदाण्याचं कूट घातलं, गूळ घातला आणि लिंबाएवढे पाच लाडू वळले. लाडू असे झाले की पाहुण्यानं मागून घ्यावेत. सोमवार महादेवाचा, म्हणून रविवारी संध्याकाळीच ते पत्र्याच्या खोलीत पोत्यांमागं ठेवले, वड्यांचा पुडा भट्टीत जाळला आणि राखेनं तीनदा हात धुतले. विद्याश्रीला यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

आता ज्या बाईला खोलीत काय ठेवलंय हेच माहीत नाही, ती दार लावायचं कशाला लक्षात ठेवील? सोमवारी पहाटे विद्याश्रीनं एक पोतं काढलं, दार तसंच उघडं टाकलं आणि भट्टी पेटवायला गेली.

शांतव्वा थोड्या वेळानं मेलेले उंदीर वेचायला खोलीत गेली. उंदीर एकही नव्हता. पाचांतला एक लाडू तेवढा शिल्लक होता. बाकीच्या चारांच्या जागी फरशी चाटून लख्ख केलेली होती आणि शेजारी सांडलेल्या पिठात पावलं उठली होती. असली पावलं असणारा उंदीर अजून जन्माला यायचाय. ते पंजे कुणाचे, हे तिला लगेच समजलं.

भिंतीपलीकडच्या विठाबाईचं ते कुत्रं. अंगावरच्या बरगड्या मोजून घ्याव्यात इतकं हडकुळं, म्हणून गल्लीनं त्याचं नाव पैलवान ठेवलेलं. विठाबाई शाळेत शिपाई होती, तिथून रिटायर झाली. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा कधीचाच वारलेला. त्या घरात बोलायला होतं ते हे एवढं कुत्रं. आणि शांतव्वा नि विठाबाई यांचा दोन वर्षांचा अबोला होता, तोही याच कुत्र्यावरून. मीठ लावून वाळत घातलेल्या तांदळावर पैलवानानं एकदा पाय वर केला. शांतव्वानं जळण फेकून मारलं आणि सगळ्या गल्लीदेखत ओरडली, "ह्या कुत्र्याला एक दिवस औषधच घालते बघा." हे उंदरांनी ऐकलं की नाही कोण जाणे, गल्लीनं मात्र कान देऊन ऐकलं.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद झालं. बंद म्हणजे काय, समोरासमोरचं बंद. लेकी बोले सुने लागे तसं विठाबाई कुत्र्याला बोलायची. "पैलवान, इकडं ये रं बाबा. काही लोकांस्नी देवानं नुसतं तोंड दिलंय, काळीज द्यायचं इसारलं." मग शांतव्वा सुनेला मोठ्यानं म्हणायची, "विद्याश्री, दार लाव गं, लई भुंकाय लागलंय कोण तरी." बिचाऱ्या कुत्र्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते दोन्ही घरांत सारख्याच हक्कानं शेपूट हलवत फिरायचं.

सोमवारी सकाळी शांतव्वा उरलेला लाडू भट्टीत टाकून भिंतीपाशी गेली. पैलवान उन्हात पसरला होता. तिला बघून उठला, अंग ताणलं, शेपूट हलवली. चांगला टुणटुणीत होता. सांगावं, तर सगळी गल्ली म्हणणार, बोलल्याप्रमाणं केलंच हिनं. न सांगावं, तर... इकडं आड तिकडं विहीर. पण कुत्रं तर समोर धडधाकट उभं होतं. उंदराचं औषध उंदराच्या मापाचं, एवढ्या मोठ्या जनावराला काय होतंय, असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि जे आपल्याला ऐकायचं असतं ते आपल्याला लगेच पटतं.

मंगळवारी त्यानं मांजराचा पाठलाग केला. बुधवारी दूधवाल्याच्या सायकलमागं चौकापर्यंत धावला. तुपानं विष मरतं असं शांतव्वानं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून तिनं विद्याश्रीची नजर चुकवून तूप माखलेली भाकरी भिंतीवरून दोनदा टाकली. पैलवानानं ती मिटक्या मारत खाल्ली. बुधवारी संध्याकाळी तिला वाटलं, सुटलो एकदाचे.

गुरुवारी सकाळी पैलवान उठला नाही. दुपारी उठला, पण दोन पावलं टाकून बसला. दिवेलागणीला विठाबाईचा आवाज भिंतीवरून आला आणि या वेळी तो कुणाला लागावा म्हणून काढलेला नव्हता. "काय झालं रं तुला? नाकातनं रगत कशानं याय लागलंय?" तिनं त्याला हळद घातलेलं दूध पाजायला बघितलं, ते त्यानं सांडलं. शांतव्वापुढं जेवणाचं ताट होतं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला.

शुक्रवारी सकाळी गल्लीतल्या दिलदारची रिक्षा विठाबाईच्या दारात उभी राहिली. दिलदार कोल्हापूरभर रिक्षा चालवायचा आणि कोल्हापूरभरच्या बातम्या संध्याकाळी गल्लीत आणून टाकायचा. "मावशी, ह्येला धराय अजून एक माणूस लागतंय," तो म्हणाला. "मला हँडल सोडता येत न्हाय. वाटंत उडी मारली म्हंजे?"

विठाबाई इकडंतिकडं बघू लागली. शांतव्वा पदराला हात पुसत आली आणि कुणी न बोलावता रिक्षात जाऊन बसली. विठाबाईनं तिच्याकडं पाहिलं, दिलदारनं आरशातून दोघींकडं पाहिलं. पैलवान दोघींच्या मांडीवर आडवा झाला, डोकं एकीकडं आणि शेपूट दुसरीकडं. गुरांच्या दवाखान्यापर्यंत कुणी एक शब्द बोललं नाही. दिलदारला एवढा वेळ गप्प राहणं किती जड गेलं असेल, ते त्यालाच माहीत.

डॉक्टर कृष्णात चौगुले शांत माणूस होता. त्यानं कुत्र्याचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि दाताच्या कडेनं रक्त झिरपत होतं. कानामागं दोनतीन गोचड्या सापडल्या.

"गोचीड ताप दिसतोय," तो म्हणाला. "त्यातबी असं नाकातनं रक्त येतं. कुठं उंदराचं औषध वगैरे खाल्लं न्हाय न्हवं?"

"न्हाय ओ," विठाबाई म्हणाली. "आमच्या गल्लीत कोण घालत न्हाय. घातलं असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

डॉक्टर कागदावर लिहायला लागला. तापाचं इंजेक्शन, गोचडीची पावडर. शांतव्वा त्या पेनाकडं बघत होती. पेन कागदावरून सरकत होतं आणि प्रत्येक अक्षर चुकीच्या आजाराचं होतं, हे त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होतं. आपलं काय व्हायचं ते होईल, पण हे मुकं जनावर आपल्या तोंडाला कुलूप आहे म्हणून मरणार, असं तिला वाटलं.

"खाल्लंय," ती म्हणाली. "माझ्या खोलीतलं खाल्लंय. उंदरास्नी ठेवलतं. लाडू करून."

विठाबाईनं मान वळवली नाही. तिचा हात कुत्र्याच्या पाठीवर होता, तो तिथंच थांबला.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "कसलं औषध? काळी पूड, लसणासारखा वास मारणारी? का वडी?"

"वडी. निळी."

"पुडा कुठाय?"

"जाळला. जाळायचाच असतोय की."

"नाव वाचल्याशिवाय मला खात्री न्हाय व्हायची, आजी. काळ्या पुडीचा इलाज निराळा, वडीचा निराळा. जावा, जिथनं आणलं तिथनं तसलंच घेऊन या."

दिलदारनं रिक्षा अशी हाकली की शांतव्वानं वाटेत दोनदा महादेवाचं नाव घेतलं. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती. ती नेहमीच्या सवयीनं 'ते द्या' म्हणाली. दुकानदारानं मान डोलावली आणि आधी दुसऱ्याची साखर बांधायला घेतली. तेव्हा शांतव्वा आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलली, "उंदराचं विष द्या. रविवारी निळ्या वड्या दिलत्या त्याच द्या. शेजारणीचं कुत्रं मराय लागलंय माझ्या हातनं." दुकानदारानं साखर तशीच ठेवली आणि पुडा दिला, वर्तमानपत्रात न गुंडाळता.

डॉक्टरनं पुड्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि सुस्कारा सोडला. ह्या औषधानं रक्त गोठायचं थांबतं, त्यानं दोघींना समजावलं. पहिले दोनचार दिवस जनावर चांगलं हिंडतं-फिरतं, म्हणून लोक फसतात. रक्त गोठवणारा अंगातला साठा संपला की आतल्या आत रक्त वाहायला लागतं. पण याला उतारा आहे, के व्हिटॅमिन. बाळंतपणाच्या दवाखान्यात नुकत्या जन्मलेल्या पोराला टोचतात तेच. दिलदार पुन्हा पळाला आणि एका मॅटर्निटी हॉस्पिटलसमोरच्या मेडिकलातून इंजेक्शनं आणि गोळ्या घेऊन आला.

"त्याच दिवशी आणलं असतं तर ओकारी काढून निम्मं विष भाईर पडलं असतं," सुई भरता भरता डॉक्टर म्हणाला. "मीठपाणी, दूध, तूप, असलं घरात काय करायचं न्हाय. सरळ इथं आणायचं, पुड्यासकट. खाल्लं कधी ह्येनं?"

"सोमवारी पहाटे."

"आणि तुम्हाला कळलं कधी?"

विठाबाई आता तिच्याकडं बघत होती. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच.

"आज," शांतव्वा म्हणाली. "आज सकाळी पोती हलवताना."

एवढं मोठं खरं बोलल्यावर एवढंसं खोटं तिच्या तोंडून कसं गेलं, हे तिचं तिलाच कळलं नाही. डॉक्टरनं सुई टोचली. पैलवान कण्हलासुद्धा नाही.

तो दिवस आणि रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. शनिवारी सकाळी नाकातलं रक्त थांबलं. डॉक्टरनं सांगितलं, आता गोळ्या सुरू करा. चार आठवडे, रोज एक, लोण्यातून किंवा कशातून तरी, म्हणजे अंगी लागते. एक दिवससुद्धा चुकवायचं नाही, कारण विष गेलं असं वाटतं तेव्हा ते अंगातच असतं. आणि कुत्र्याला बांधून ठेवायचं. पळणं नाही, उड्या नाहीत.

विठाबाईला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं आणि पैलवान तिच्या हातची गोळी बरोबर बाजूला काढून लोणी तेवढं चाटायचा. दोन गोळ्या वाया गेल्यावर ती भिंतीपाशी आली. या वेळी कुत्र्याला काही बोलली नाही. "शांतव्वा," ती म्हणाली, "तू देऊन बघ की. तुझ्या हातचं खातंय ते."

त्या बोलण्यात टोमणा असता तर शांतव्वाला सोपं गेलं असतं. पण टोमणा नव्हता.

मग रोज सकाळी भट्टी पेटवायच्या आधी शांतव्वा लोण्याचा गोळा घेऊन पलीकडं जायला लागली. पैलवान तिची वाटच बघायचा. ज्या हातानं लाडू वळले त्याच हातातून तो डोळे मिटून गोळी गिळायचा आणि वर तिची बोटं चाटायचा. तिला दर वेळी लाज वाटायची. विठाबाई चहा ठेवायची. पहिल्या आठवड्यात दोघी चहा पिताना कुत्र्याबद्दल बोलायच्या, दुसऱ्या आठवड्यात गुडघ्यांबद्दल, आणि तिसऱ्या आठवड्यात शांतव्वा तिला पूर्वीसारखं 'अक्का' म्हणू लागली.

गल्लीनं मात्र आपलं काम चोख केलं होतं. एकदा नळावर बाळाबाई म्हणाली, "बोललीती की औषध घालते म्हणून. घातलं." शांतव्वा कळशी भरत राहिली. तेवढ्यात मागून विठाबाईचा आवाज आला. "मुद्दाम घालणारी बाई दवाखान्यात येऊन सांगत न्हाय, बाळाबाई. तिला कळलं त्या घटकेला ती रिक्षात येऊन बसली. तुझ्यातलं कोण आलं असतं काय?" शांतव्वानं कळशी उचलली. ती घरी येईपर्यंत निम्मं पाणी सांडलं.

तेव्हापासून ते वाक्य तिच्या मागंच लागलं. कळलं त्या घटकेला. विठाबाई ते दूधवाल्याला सांगायची, दिलदारच्या बायकोला, जरीनाला सांगायची, कागलहून येणाऱ्या भाचीला सांगायची. कुणी दोन शिव्या दिल्या असत्या तर शांतव्वानं त्या पचवल्या असत्या. हे कौतुक काही केल्या पचेना.

शेवटची गोळी शुक्रवारी होती. डॉक्टरनं आदल्या दिवशी तपासून सांगितलं होतं, आता एवढी एक दिली की झालं. पैलवानानं ती गिळली, बोटं चाटली आणि दारात जाऊन बसला. विठाबाईनं चहाची कपबशी पुढं केली. शांतव्वानं ती घेतली नाही.

"अक्का, एक सांगायचंय."

"सांग की."

"मला शुक्रवारी न्हाय कळलं. सोमवारीच कळलंतं. फरशी चाटलेली बघितली, पंजे बघितले. भ्याले मी. गल्ली काय म्हणंल म्हणून गप्प बसले."

विठाबाईनं कपबशी खाली ठेवली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, आणि पैलवान उठायला लागला तसा तिनं हात वर करून त्याला बसवला.

"सोमवारी," ती म्हणाली.

"व्हय."

"म्हंजे गुरुवारी मी रातभर ह्येला मांडीवर घेऊन रडत बसलते, तवा तू भिंतीपलीकडं जागी हुतीस."

"व्हय, अक्का."

"आणि मी सगळ्यास्नी सांगत सुटले, कळल्या घटकेला आली म्हणून."

"ते ऐकवंना, म्हणून तर सांगितलं."

विठाबाईनं डोळे पुसले. राग होता, तो चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, आणि तो लपवायची तिला काही गरज वाटत नव्हती. ती उठली, दाराच्या चौकटीला हात धरून उभी राहिली आणि बोटांवर मोजायला लागली.

"सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. चार दिवस गप्प बसलीस तू. आता मीबी चार दिवस तुझ्यासंगं बोलणार न्हाय. आज धरून शुक्रवार, शनवार, रैवार, सोमवार. मंगळवारी सकाळी च्याला ये."

शांतव्वा काहीतरी बोलायला गेली. विठाबाईनं हात वर केला, मघाशी कुत्र्याला केला होता तसाच.

"बोलू नगंस. सुरू झालं."

शांतव्वा घरी आली. विद्याश्रीनं ताट वाढलं, ती पोटभर जेवली आणि वर अर्धी भाकरी मागून घेतली. दोन वर्षं ती त्या बाईशी बोलली नव्हती आणि त्यातला एक दिवसही तिनं मोजला नव्हता. हे चार दिवस मात्र तिनं एकेक करून मोजले, आणि मंगळवारी उजाडायच्या आत विठाबाईचं दार वाजवलं.